सकाळची शुगर रात्री नेमकी कधी वाढते? सेन्सर लावून शोधायची रीत

एका सकाळी माझी फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, १८२ निघाली. त्याच सकाळी पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी आप्पांची १८५, आणि चोपड्याला दिलेल्या ताईची १७८. एका घरातली तीन माणसं आणि आकडे जवळपास सारखेच. आप्पा फोनवर विचारायचे, "आज कितली शे रे?" मी आकडा सांगायचो, ते त्यांचा सांगायचे आणि फोन ठेवायचे. दोन वर्षं असंच चाललं. तिघांनीही एकच उपाय धरला होता : रात्रीचं जेवण कमी करायचं आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना आकडा सांगून गोळी किंवा इन्सुलिन वाढवून घ्यायचं. माझा आकडा थोडा उतरला, ताईचा हललाच नाही. आप्पा मात्र एका रात्री शेतात बांधावर घामाघूम होऊन बसलेले सापडले. शेजारच्या शेतातल्या माणसाने वेळेवर पाहिलं म्हणून ठीक.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही तिघांनी दंडावर शुगर मोजणारे सेन्सर लावले. सकाळचा आकडा सारखा असला तरी त्यामागच्या तिन्ही रात्री पूर्ण वेगळ्या निघाल्या. माझी शुगर झोपायच्या आधीच चढलेली असायची. ताईची पहाटे चढायची. आप्पांची काही रात्री घसरायची आणि काही रात्री चढायची. एकाला जे औषध लागू पडलं असतं ते दुसऱ्याला जिवावर बेतलं असतं. म्हणून फास्टिंग वाढली की लगेच काही बदलण्याआधी रात्र कशी जाते ते बघा. ते कसं बघायचं हे मी इथे क्रमाने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. अमळनेरला दुकान चालवणारा, नऊ वर्षांपासून टाइप २ मधुमेह असलेला माणूस आहे. गोळी आणि इन्सुलिनचा डोस बदलायचा तो डॉक्टरांना विचारूनच, हे एकदाच सांगतो, पण ते पुढच्या प्रत्येक ओळीला लागू आहे.

सेन्सर काय मोजतो

दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी चकती. तिच्यातून केसासारखी बारीक, मऊ तार कातडीखाली जाते. ती रक्तातली शुगर मोजत नाही, पेशींच्या भोवतालच्या द्रवातली मोजते. रक्तातली शुगर तिथे झिरपायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात, म्हणून शुगर झपाट्याने वर-खाली होत असताना सेन्सर आणि ग्लुकोमीटर यांचं जमत नाही. शुगर स्थिर असतानाही दोघांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडू शकतो. ग्लुकोमीटरवर १५० असताना सेन्सरवर १६५ दिसलं तर घाबरू नका. सेन्सरच्या आकड्यांची मोबाईलवर एक रेघ उमटते. आपल्याला रात्रीच्या त्या रेघेचा आकार हवा आहे, आणि तो सेन्सर चांगला दाखवतो. पण अंगाला जाणवतंय एक आणि सेन्सर सांगतोय दुसरंच, असं झालं की बोटातून रक्त काढून खात्री करायची. त्याला पर्याय नाही.

आपल्याकडे जास्त दिसणारे सेन्सर १४ दिवस चालतात. एकाला काही हजार रुपये पडतात, त्यामुळे बारा महिने लावणं बहुतेकांना झेपत नाही, आणि टाइप २ असणाऱ्या पुष्कळांना त्याची गरजही नसते. वर्षातून एक-दोन सेन्सर, पण त्यातली प्रत्येक रात्र कामाला लावायची, या हिशेबाने मी पुढचं लिहितो. टाइप १ असेल, मूल असेल किंवा बाई गरोदर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सेन्सर कधी आणि किती काळ लावायचा हे डॉक्टरच ठरवतील.

दिवस निवडा आणि हात निवडा

नेहमीसारखे जाणारे दोन आठवडे निवडा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरोघरी आमरस आणि खापरावरची पुरणपोळी असते, त्या आठवड्यात सेन्सर लावला तर आखाजीचीच रेघ मिळेल. ताप, दाढेचं दुखणं, सांध्यांसाठी किंवा दम्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यांनी शुगर चढते. तेव्हा थांबा. व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज घेत असाल तर काही सेन्सरवर आकडा खोटा वाढलेला दिसतो. आधी डॉक्टरांना सांगा. एमआरआय ठरलेला असेल तर तो झाल्यावरच सेन्सर लावा, कारण त्या तपासणीआधी बरेचसे सेन्सर काढावे लागतात.

पण तुमच्या आयुष्यात दोन तऱ्हेचे आठवडे असतील तर सेन्सर दोन्हींमध्ये पडेल असा लावा. कारखान्यातली पाळी बदलते, तशीच शेतपंपाची वीजही बदलते. आमच्याकडे एक आठवडा दिवसाची वीज, एक आठवडा रात्रीची. आप्पांचा सेन्सर आम्ही मुद्दाम त्या बदलाच्या मधोमध लावला, आणि सगळं कोडं तिथेच सुटलं. त्याबद्दल पुढे येतंच.

हात निवडताना कोणत्या कुशीवर झोपता ते आठवा. ज्या दंडावर भार पडतो त्यावर सेन्सर लावू नका. दाब पडला की तिथला द्रव बाजूला सरकतो आणि सेन्सर ५५ किंवा ६० दाखवतो, रक्तात मात्र ११० असते. मला पहिल्या तीन रात्री दोन वाजता अलार्म वाजला, दोनदा मी उठून साखर खाल्ली, आणि सकाळी २१० पाहून कपाळाला हात लावला. चौथ्या रात्री बोटातून तपासलं तर ११८. त्या रात्रींच्या रेघेत एकदम खड्डा होता आणि कूस बदलली की लगेच वर. खरी लो झाली, म्हणजे रक्तातली शुगर खरंच फार उतरली, तर ती अशी कड्यावरून पडल्यासारखी पडून पुन्हा उडी मारत नाही, हळूहळू उतरते.

लावायची कृती सोपी आहे. दंड साबणाने धुवायचा, स्पिरिटने पुसायचा आणि पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. तेल लावून अंघोळ केली असेल तर सेन्सर टिकत नाही. उन्हाळ्यात, जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा, घामाने कडा सुटतात. मेडिकलमध्ये सेन्सरवर लावायची वेगळी चिकटपट्टी मिळते, नाहीतर कडेने कागदी टेप लावा, मधलं बारीक भोक झाकू नका. सेन्सरचं खोकं लावेपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवू नका. खोक्यावर साठवणीचं तापमान लिहिलेलं असतं, ते वाचा. अंघोळ चालते. विहिरीत किंवा नदीत डुंबणं नको.

लावल्यावर तासाभराने आकडे सुरू होतात. पहिला दिवस त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मी पहिल्या दोन रात्री हिशेबातच धरत नाही.

तुमचा सेन्सर मोबाईल जवळ नेऊन वाचायचा असेल, तर त्यात आठ तासांचीच माहिती साठते. झोपायच्या अगदी आधी एकदा आणि उठल्याबरोबर एकदा मोबाईल टेकवा. मध्ये आठ तासांहून जास्त गेले तर रात्रीचा तुकडा गायब होतो, आणि आपल्याला तोच हवा असतो. स्वतःहून मोबाईलला आकडे पाठवणारा सेन्सर असेल तर मोबाईल उशाशी ठेवा. खालचा अलार्म ७० वर ठेवा. वरचा सुरुवातीला २५० वर ठेवा. १६० वर ठेवलात तर रात्रभर झोप नाही, आणि झोप मोडली की शुगर आणखी चढते.

वहीशिवाय रेघ मुकी

सेन्सर लावला आणि नोंद ठेवली नाही तर अर्धे पैसे वाया गेले असं समजा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहितो, कारण ते स्वयंपाकघरात टांगलेलं असतं आणि घरातल्या कुणालाही लिहिता येतं. जेवणाची वेळ, काय आणि किती खाल्लं, नंतर चाललो का, गोळी किंवा इन्सुलिन किती वाजता, झोपलो किती वाजता, मध्ये उठून काही तोंडात टाकलं का. एवढंच लिहायचं, पण 'भाकरी-भाजी' असं लिहू नका. किती भाकरी, ते लिहा.

एकदा भाकरीचा उंडा वजनकाट्यावर ठेवून बघा. आमच्या घरच्या एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ लागतं. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅममागे सत्तरच्या आसपास कर्बोदकं असतात. म्हणजे एका भाकरीत साठ-पासष्ट ग्रॅम. ज्वारी शुगरवाल्यांना चालते म्हणून मी रात्री दोन खायचो. कळण्याच्या भाकरीत उडीद असल्यामुळे ती जरा हळू चढते, पण कर्बोदकं तीतही आहेतच. आणि 'फक्त एक केळं' हेही लिहा. पोट साफ होतं म्हणून झोपताना केळं खायची सवय आपल्या भागात घरोघरी आहे. मध्यम केळ्यात वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदकं येतात, आणि ती झोपताना पोटात जातात, जेव्हा अंगाची काहीच हालचाल नसते.

तिसऱ्या रात्रीपासून सहाव्या रात्रीपर्यंत काहीही बदलू नका. शहाण्यासारखं वागायचा मोह होतो, पण जसं रोज वागता तसंच वागा. या चार रात्री म्हणजे तुमची खरी रात्र.

चार वेळा बघा

रोज सकाळी रेघ उघडून चार आकडे वहीत उतरवा : जेवायला बसताना, झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर. चार रात्रींचे असे सोळा आकडे झाले की बहुतेक वेळा उत्तर समोर दिसतं. शुगर या चारपैकी कोणत्या दोन वेळांच्या मध्ये चढते, एवढंच शोधायचं आहे. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे, नेहमीचेच. बहुतेक मोठ्या माणसांसाठी सकाळचं उद्दिष्ट ८० ते १३० असतं. वयस्कर, एकटं राहणाऱ्या किंवा लो होणाऱ्या माणसाचं डॉक्टर मुद्दाम सैल ठेवतात.

झोपतानाच चढलेली असेल तर

माझे आकडे असे होते : जेवताना १३५, झोपताना १९०, तीनला १८६, उठल्यावर १८२. रात्रभर रेघ सपाट. म्हणजे रात्रीने काहीच केलं नव्हतं, जे काही झालं ते ताटात झालं होतं. दुकान नऊला बंद व्हायचं, पावणेदहाला जेवण, अकराला झोप.

याचा जुळा भाऊ म्हणजे मध्यरात्री चढणारी रेघ, आणि ती फसवी असते. एका रात्री पाहुणे होते म्हणून शेवभाजी, वर तरी, आणि पोळ्या. जेवणानंतर दोन तासांनी १४८. ग्लुकोमीटरवाला माणूस इथे खूश होऊन झोपला असता. एक वाजता रेघ २१४ वर होती. तेल-तुपाने पोट हळू रिकामं होतं, म्हणून कर्बोदकंही उशिरा रक्तात उतरतात. वरण-बट्टीची पंगत, तुपाची धार, किंवा भरितासोबत पुऱ्या, या सगळ्यांत हेच होतं. भरिताच्या वांग्याला उगाच दोष देतात. वांग्यात फारसं काही नाही, जे आहे ते तेलात आणि पुरीत आहे. पुऱ्यांऐवजी एक कळण्याची भाकरी आणि कमी तेलातलं भरीत खाल्लं त्या रात्री माझी रेघ १६० च्या वर गेली नाही.

अशी रात्र असेल तर तीन गोष्टी एकेक करून बघा, प्रत्येक तीन रात्री. सगळ्या एकदम केल्या तर कशाने उतरली ते कळणार नाही.

पहिली, जेवणाची वेळ. तेच ताट, पण साडेसातला. मला हे अशक्य वाटायचं. शेवटी बायको डबा दुकानावर पाठवायला लागली, साडेसातला मी गल्ल्यामागे बसून जेवतो आणि घरी आल्यावर फक्त ताक घेतो. तीन रात्रींत झोपतानाचा आकडा १९० वरून १६० वर आला. दुसरी, भाकरी. दोनऐवजी एक, आणि पोट भरायला मुगाची उसळ, पालेभाजी, काकडी. तिसरी, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं. स्नायू हलले की ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवून लगेच चालणं मोलाचं. आता झोपताना १४० च्या आसपास असते आणि सकाळी १३०.

गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण अर्धं करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. डोस तोच आणि ताट अर्धं म्हणजे रात्री लो व्हायची वाट मोकळी. माझी ग्लिमेपिराइड त्यांनी आधी कमी केली, मग मी ताट कमी केलं.

पहाटे चढत असेल तर

ताईचे आकडे : झोपताना १२२, तीनला ११६, उठल्यावर १७८. जेवण साडेसातला, तेही एकच भाकरी. तिने रात्रीचं जेवण आणखी कमी केलं, नुसत्या दुधावर झोपली, तरी सकाळचा आकडा तोच. दोन वर्षं ती स्वतःलाच बोल लावत होती की आपण काहीतरी चोरून खातो असं डॉक्टरांना वाटत असेल.

पहाटे तीन-चारनंतर शरीर उठायच्या तयारीला लागतं. वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल वाढतं, आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. मधुमेह नसलेल्या माणसाचं इन्सुलिन तिथल्या तिथे ते सावरतं, आपलं सावरत नाही. याला डॉन फिनॉमिनन म्हणतात. त्यात चूक कुणाची नाही, ताईची तर नाहीच.

इथे उपाशी झोपून फायदा नाही. संध्याकाळी चालण्याने काहींची पहाट थोडी उतरते, तीन रात्री करून बघा. उठल्यावर तासन्‌तास उपाशी राहू नका. पोटात थोडं गेलं की यकृताचा हात पुष्कळदा आखडतो. ताई सकाळी सडा-रांगोळी, पाणी भरणं आणि देवपूजा करून साडेनऊला खायची, तोवर रेघ २०० पार. आता सातला मूठभर शेंगदाणे किंवा मोड आलेले मूग खाते. घोरणं असेल, झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा डुलक्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण झोपेतला श्वासाचा आजार रात्रीची आणि सकाळची शुगर वाढवतो आणि त्यावर वेगळा इलाज आहे. बाकी पहाटेचं चढणं हे मुख्यतः औषधानेच आवरतं. मेटफॉर्मिन यकृताची साखर आवरतं. ती कोणत्या वेळी घ्यायची, पुरेशी आहे का, की दुसरं काही लागेल, हे रेघ दाखवून विचारा. ताईची गोळी बदलली ती केवळ तीनचा ११६ आणि सकाळचा १७८ एका कागदावर दिसले म्हणून.

आधी घसरून मग चढत असेल तर

'रात्री लो होते म्हणून सकाळी हाय येते,' हे वाक्य पारावर ऐकू येतं, आणि त्यावर झोपताना बिस्किटं खाणारे लोक मी पाहिले आहेत. हा विचार मायकेल सोमोजी नावाच्या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये मांडला होता. सेन्सर आल्यावर लक्षात आलं की असं फार कमी वेळा घडतं. रात्री लो झालेल्या बहुतेकांची सकाळही कमीच असते. तेव्हा रेघेत लो दिसल्याशिवाय असा निष्कर्ष काढू नका. उलट बऱ्याचदा असं होतं की माणूस लो होऊन उठतो, घाबरून चार लाडू आणि पेलाभर गोड दूध घेतो, आणि सकाळी २५० येतात. ते लाडूंचं काम.

आप्पांची गोष्ट इथे येते. वय ७१, सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन, ३०-७० चं. संध्याकाळचं इन्सुलिन पावणेआठला, आठला जेवण. या इन्सुलिनमधला सावकाश चालणारा भाग चार ते आठ तासांनी सर्वांत जोरात असतो, म्हणजे मध्यरात्र ते पहाटे चार. दिवसाच्या विजेच्या आठवड्यात आप्पा घरी झोपतात. तेव्हा तीनला ११०, आणि इन्सुलिनचा जोर ओसरल्यावर सकाळी १८५. रात्रीच्या विजेच्या आठवड्यात अकराला पंप सुरू, मग दोन-अडीच वाजेपर्यंत कपाशीला पाणी. इन्सुलिनचा जोर आणि फावड्याचं काम एकाच वेळी. रेघ पावणेदोनला ५८. आणि आम्ही फक्त १८५ बघून त्यांचं संध्याकाळचं इन्सुलिन वाढवायला सांगत होतो.

डॉक्टरांनी रेघ आणि विजेचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिलं. आता आप्पांकडे दोन डोस लिहून दिलेले आहेत, घरी झोपायच्या रात्रीचा एक आणि शेतात जायच्या रात्रीचा एक. शेतात जाण्याआधी आकडा बघायचा, १०० च्या जवळ असेल तर खाऊन निघायचं, आणि खिशात ग्लुकोज पावडरची पुडी. रात्रपाळी, ऊसतोड, लांबचा ट्रक, असं कष्टाचं किंवा अवेळीचं काम असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. दवाखान्यात हे सहसा कुणी विचारत नाही. कष्टाचा परिणाम चोवीस तासांपर्यंत राहू शकतो, हेही लक्षात ठेवा. दारू घेतलेली असेल तर यकृत त्यातच गुंतून पडतं आणि साखर सोडायचं काम मागे पडतं, अशा रात्री इन्सुलिनवाल्याला पहाटे लो व्हायचा धोका मोठा.

अलार्म वाजला तर आधी बोटातून तपासा. हात थरथरत असतील, घाम असेल, बोलणं अडखळत असेल तर तपासत बसू नका. तीन चहाचे चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात. पेढा, बिस्किट, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी पुन्हा बोटातून बघा. सेन्सर मागे चालतो, त्यामुळे शुगर सुधारली तरी तो काही वेळ कमीच दाखवेल आणि तुम्ही भीतीने आणखी खाल. ७० च्या वर आली आणि जेवायला वेळ असेल तर अर्धी पोळी किंवा अर्धा पेला दूध. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

रात्रभर वरच राहत असेल आणि इन्सुलिन चालू असेल तर

झोपताना २४०, तीनला २५०, सकाळी २४५, आणि ताटात काही चुकलेलं नाही. अशा वेळी डोसकडे बोट दाखवण्याआधी इन्सुलिनकडेच बघा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. चालू असलेलं साधारण ३० अंशांखाली चार आठवडे टिकतं. पण खान्देशात मे महिन्यात घरातलाच पारा चाळिशीला टेकतो आणि फ्रिज विजेबरोबर येतो-जातो. पत्र्याच्या छताखाली फळीवर ठेवलेली कुपी दिसायला ठणठणीत असते, पण तिचा जोर गेलेला असतो. आमच्याकडे मातीचं मडकं ओल्या वाळूच्या टोपल्यात ठेवतात आणि आत डब्यात इन्सुलिन. आपली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं, म्हणून मडकं चांगलं गार राहतं. पावसाळ्यात दमट हवेत तेवढं गार होत नाही. जवळ साधा थर्मामीटर ठेवा.

मग टोचण्याची जागा. त्याच त्या जागी टोचून पोटावर मऊ गाठी येतात, त्यात टोचलेलं इन्सुलिन नीट उतरत नाही. बोटांनी चाचपून बघा. आप्पांच्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी होत्या, आणि वर्षानुवर्षं कुणी हात लावून पाहिलं नव्हतं. जागा बदलली की डोस कमी लागतो, त्यामुळे गाठ सोडून टोचायला सुरुवात करण्याआधीही डॉक्टरांना सांगा. दुधाळ इन्सुलिन असेल तर पेन तळहातांत दहा वेळा फिरवून आणि दहा वेळा हळू खाली-वर करून मगच टोचा. आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघा, आणि टोचल्यावर दहापर्यंत मोजून सुई काढा. एवढ्याने काही लोकांची रात्र सुधारते.

शुगर ३०० च्या वर टिकून आहे आणि उलट्या, पोटदुखी, धाप किंवा तोंडाला फळासारखा वास आहे, तर सकाळची वाट बघू नका, दवाखाना गाठा. डापाग्लिफ्लोझिन किंवा त्या जातीची गोळी चालू असेल तर शुगर एवढी वाढलेली नसतानाही या लक्षणांना तेच करायचं.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

अ‍ॅपमधून १४ दिवसांचा अहवाल निघतो, त्याची छापील प्रत न्या. चौदा दिवसांतली निदान ७० टक्के माहिती नोंदली गेलेली असेल तरच तो धरण्याजोगा. मधली ठळक रेघ म्हणजे तुमचा नेहमीचा दिवस, भोवतालचा पट्टा जितका रुंद तितके दिवस एकमेकांपेक्षा वेगळे. शुगर ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७० खाली ४ टक्क्यांहून कमी, ५४ खाली १ टक्क्याहून कमी, हे बहुतेकांचं उद्दिष्ट. आप्पांसारख्या वयस्करांना मधल्या पट्ट्यात निम्मा वेळही पुरतो, पण ७० खाली १ टक्क्यापेक्षा जास्त नको. तेवढं अहवालावर बोट ठेवून विचाराच.

कॅलेंडरचं पानही सोबत न्या. गर्दीच्या दवाखान्यात आपल्याला पाच मिनिटं मिळतात. तेव्हा 'फास्टिंग वाढते' असं न सांगता 'झोपताना १२०, तीनला ११५, सातला १८०, चार रात्री सारखंच' असं सांगितलं तर डॉक्टर पेन खाली ठेवून कागद हातात घेतात. हे मी ताईसोबत गेलो तेव्हा पाहिलं.

चौदाव्या दिवशी सेन्सर ओढून काढू नका, कातडी निघते. कडेने खोबरेल तेल लावा, दहा मिनिटं थांबा, मग सोलून काढा. पुढचा दुसऱ्या दंडावर. आमचा पुढचा सेन्सर आप्पांना मे महिन्यात लागणार आहे, उन्हाळ्यात मडक्यातलं इन्सुलिन नीट काम करतं का ते बघायला.